बऱ्हाणपूरला जायचं ते तुकईथडहून

बऱ्हाणपूर पाहायला येणारी माणसं बहुतेक सकाळच्या गाडीने येतात आणि संध्याकाळच्या गाडीने जातात. रिक्षा ठरवायची, शाही किल्ला, जामा मशीद, राजघाट, कुंडी भंडारा, जमलं तर शहानवाजखानाची कबर. मध्येच कुठेतरी मावा जिलबी खायची आणि परत फिरायचं. एवढ्यात जे दिसतं तेही थोडं नाही. तरी मला सारखं वाटतं, की हे शहर पाहायचं तर मुक्काम शहरात करू नये. पूर्वेला खकनारच्या अंगाला जावं, तुकईथडसारख्या गावात कुणाच्या ओसरीवर पथारी टाकावी आणि तिथून शहरात जाऊन-येऊन राहावं. तुकईथड माझं आजोळ. त्यामुळे या आग्रहात माया आहेच, पण कारणही आहे, आणि ते कारण मला कळलं ते फार दूरच्या गावात.

इटलीत सिएना नावाचं शहर आहे. काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्यांचं तिथलं कॅथेड्रल पाहायला जगभरातून लोक येतात, आणि त्यातले पुष्कळ जण राहतात मात्र बाहेर, द्राक्षमळ्यांतल्या आणि ऑलिव्हच्या बागांतल्या शेतघरांत. इटलीने 1985 साली कायदा करून शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे ठेवायची रीतसर वाट करून दिली. शेती पडीक पडू नये, माणसं गाव सोडू नयेत, हा त्यामागचा विचार. आम्हीही तसेच एका शेतघरात उतरलो होतो. सकाळी बसने शहरात जायचं आणि ऊन उतरलं की परत यायचं. त्या शहराच्या नगरभवनात आंब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराने 1338-39 मध्ये रंगवलेलं एक भित्तिचित्र आहे. राज्यकारभार चांगला असला की शहरात काय घडतं आणि खेड्यात काय घडतं, हे त्याने एकाच भिंतीवर काढलं आहे. मधोमध वेस आहे. वेशीच्या एका बाजूला दुकानं, नाचणाऱ्या मुली, चढत जाणारी इमारत. दुसऱ्या बाजूला कापणी, मळणी, द्राक्षांचे वेल आणि शहराकडे निघालेली धान्याची गाढवं. वेस उघडी आहे. त्या उघड्या वेशीसमोर मी पुष्कळ वेळ उभी होते, आणि डोक्यात सारखं बऱ्हाणपूर येत होतं. त्या शहराचा हा दुसरा अर्धा भाग कुणी काढलाच नाही, असं वाटत होतं.

आजोळची वाट माझ्या लहानपणी रुळावरून जायची. अकोला, आकोट, हिवरखेड, वान रोड, मग मेळघाटचं जंगल. धुळघाटला गाडी वेटोळं घेत स्वतःच्याच रुळावरून चढायची तेव्हा आम्ही मुलं खिडकीला चिकटलेलो असायचो. पुढे डाबका आणि मग तुकईथड. आकोटपर्यंत डब्यात वऱ्हाडी ऐकू यायची, जंगलात डोक्यावर मोळ्या घेऊन चढणाऱ्या बायकांची कोरकू, आणि खंडव्याच्या बाजूने आलेल्यांची निमाडी. 2017 च्या सुरुवातीला ही मीटरगेज रुंदीकरणासाठी बंद झाली. नवा मार्ग व्याघ्रप्रकल्पाच्या पोटातून न नेता बाहेरून वळवायचं ठरलं, आणि ते योग्यच झालं असं मी मानते. पण ज्यांच्या लेकी आकोटला दिल्या होत्या आणि सुना हिवरखेडहून आणल्या होत्या, त्या घरांना मधली वर्षं जड गेली. नकाशावर राज्याची सीमा पूर्वीही होती. गाडी थांबल्यावर ती पायांना लागू लागली.

गाव आहे तापीच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या सावलीला. शेतात कापूस, तूर, मका, सोयाबीन. पाणी असेल तिथे केळी. किराणा दुकानात उभं राहिलं तर चार बोली कानावर पडतात आणि दुकानदार चारींत हिशेब करतो. मामांचं घर जुनं, पुढे ओसरी, मागे गोठा, आणि गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवलेली पऱ्हाट्यांची गंजी. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं उपटून सरपणाला ठेवतात, त्या पऱ्हाट्या. मामी भरताची वांगी गॅसवर भाजत नाही. अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, पोपटी-पांढरी लांबोडकी वांगी त्यात टाकायची, वरून आणखी काड्या रचायच्या. पऱ्हाटीचा जाळ भडकतो लवकर आणि बसतोही लवकर. साल करपते, आतला गर शिजतो आणि धुराचा वास नेमका लागतो तेवढा लागतो. मग हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. या जेवणाला मी कुठलंही पंचपक्वान्न जोडणार नाही.

त्या जाळाकडे पाहताना मला ताव्हर्निये आठवतो. हा फ्रेंच जवाहिऱ्या 1641 मध्ये आणि पुन्हा 1658 मध्ये बऱ्हाणपूरवरून गेला. इथलं तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. रंगीत फुलांची छपाई, काठाला सोन्या-चांदीची जर. सुरतेहून आग्र्याला जाणारा रस्ता या शहरातून जायचा. विणकर आणि सराफ त्या शहरात होते. पण कापूस काही किल्ल्यात पिकत नव्हता. तो तापी-पूर्णेच्या काळ्या जमिनीत पिकत होता, अशाच गावांत, आणि त्याच्या पऱ्हाट्या अशाच अंगणांत जळत असणार. पोलंडच्या एखाद्या सरदारीणबाईच्या ओढणीचं आणि मामीच्या भरताचं झाड एकच आहे. आज बऱ्हाणपुरात यंत्रमाग खडखडतात, त्यांच्या गल्लीत शिरलं की बोललेलं ऐकू येत नाही, आणि मामा अजूनही कापूस विकायला त्याच शहरात जातात.

आता मशिदीकडे येते, कारण मी शहरात जाते ती मुख्यतः तिच्यासाठी.

खानदेशच्या फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा थाळनेरला होता, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यात. त्याच्या मुलाने, नासीरखानाने असीरगड घेतला आणि 1400 च्या आसपास तापीच्या उत्तरकाठावर हे शहर वसवलं. खुलदाबादला ज्यांची कबर आहे त्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव शहराला दिलं, आणि पलीकडच्या काठावरच्या वस्तीला झैनुद्दीन शिराझींचं. दोनशे वर्षं हे छोटं राज्य गुजरात, माळवा, अहमदनगर आणि शेवटी मोगल यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तगून राहिलं. राजा अलीखान हा त्यातला फार शहाणा राजा. गांधी चौकातली जामा मशीद त्याची. बाहेरून दोन उंच मिनार, आणि दर्शनी बाजूला पंधरा कमानींची रांग. घुमट नाही. माथा सपाट आहे, त्यामुळे इमारत आकाशात घुसत नाही, आडवी पसरते. बाजाराच्या गोंगाटातून आत शिरलं की आधी अंगण, मग कमानींचा थंडावा, आणि मागच्या भिंतीतल्या मिहराबांवर इतकं निगुतीचं कोरीव काम की हात लावायचा मोह आवरावा लागतो.

तिथेच आत एक शिलालेख आहे. वर अरबी, आणि खाली देवनागरीत संस्कृत. सृष्टी निर्माण करणाऱ्याला नमस्कार करून तो सुरू होतो. ज्याला रूप नाही, जो सगळीकडे भरून आहे, अशा ईश्वराचं स्तवन येतं. मग फारुकी राजांची वंशावळ येते, राजा मलिकपासून थेट बांधणाऱ्यापर्यंत. आणि मग येतो काळ. संवत 1646, शके 1511, पौष महिना, शुक्ल पक्ष, सोमवार. तिथी किती घटका, पुढे कोणती लागते, नक्षत्र कोणतं, योग कोणता, करण कोणतं, हे सगळं तपशीलवार. लग्नपत्रिकेतही हल्ली एवढं नसतं. इसवी सनाच्या हिशेबाने तो जानेवारी 1590 चा पहिला आठवडा.

मी पहिल्यांदा तो वाचायचा प्रयत्न केला तेव्हा अक्षरं जुळवताना मान दुखून आली. पण त्या घटका-पळांपाशी पोचले आणि डोळे भरून आले. कुणीतरी पंचांग मांडून बसलं असेल. त्याने आकडे काढून दिले असतील, कुणी ते श्लोकात बसवले असतील, आणि एका पाथरवटाने ते दगडात उतरवले असतील. मशिदीची भिंत आहे, राजा मुसलमान आहे, आणि आपल्या मशिदीची घटिका आपल्या प्रजेच्या कालगणनेत सांगितली पाहिजे असं त्याला वाटलं आहे. यावर आज कुणी मोठी व्याख्यानं झोडावीत असं मला वाटत नाही. राजकारणाची गरज त्यात असेलच. अकबर उत्तरेतून खाली सरकत होता, आणि आपल्या माणसांना धरून ठेवणं राजाला भागच होतं. पण गरजेपोटी माणूस अनेक गोष्टी करतो, आणि त्यांतल्या सगळ्याच दगडात कोरून मिहराबेपाशी ठेवत नाही. असीरगडावरच्या मशिदीतही असाच संस्कृत लेख आहे. म्हणजे ती एकदाच आलेली लहर नव्हती.

राजा अलीखान 1597 मध्ये गोदावरीच्या मुलखात सोनपेठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना पडला. चारच वर्षांत, 1601 मध्ये, असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेश संपला. अकबरानेही याच मशिदीवर आपल्या विजयाचा फारसी लेख कोरवला. तो सुबक आहे, इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचाही आहे. मला मात्र हरलेल्या घराण्याचाच लेख पाहावासा वाटतो.

शहराचं पाणी कुठून येतं, हे कळायला तर शहराबाहेर पडावंच लागतं. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकत राहतो. 1615 मध्ये, मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने ही आतली वाट हेरली, आणि शहराच्या वरच्या अंगाला हे झिरपतं पाणी जमिनीखालीच अडवून भुयारांतून शहराकडे वळवलं. भुयारावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी, त्यांना कुंड्या म्हणतात. एकट्या कुंडी भंडाऱ्याच्या, म्हणजेच खुनी भंडाऱ्याच्या, रांगेत त्या शंभराच्या आसपास आहेत. कुंड्यांतून हवा खेळते आणि भुयार साफ करायला माणूस उतरू शकतो. पंप नाही, मोट नाही, रहाट नाही. पाणी फक्त उतारावरून चालत येतं. चिंताहरण, मूल, सुखा अशी बाकीच्या भंडाऱ्यांची नावं आहेत. आता एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. खाली उतरलं की चुन्याच्या थरांनी पांढऱ्या झालेल्या भिंती आणि पोटऱ्यांना लागणारं गार, नितळ, चालतं पाणी.

सिएनातही शहराखाली अशीच भुयारं आहेत, सुमारे पंचवीस किलोमीटरची. टेकडीवरच्या त्या शहराला नदी नाही. भोवतालच्या डोंगरउतारांचं पाणी भुयारांनी आणून चौकातल्या कारंज्यांत सोडलं होतं. सिएनाच्या लोकांना त्याचा अभिमान आहे, आणि ती भुयारं शिल्लक राहायची तर वरची टेकडी उघडी ठेवली पाहिजे याची जाणही. खुनी भंडाऱ्याचं नाव 2024 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं, याचा मला फार आनंद झाला. पण जिवंत आहे ते वरचं मुरणारं पाणी. वरच्या अंगाला बोअर वाढत गेले, केळीला दिवसरात्र पाणी सुटत राहिलं, डोंगर बोडका झाला, तर खालची कुंडी कितीही डागडुजी केली तरी कोरडीच. म्हणून भुयार पाहायला उतरण्याआधी डोंगर पाहावा असं मी म्हणते. तुकईथडहून निघालं की तो सबंध वाटभर सोबत असतो.

याच शहरात 17 जून 1631 ला मुमताज महल गेली. चौदावं बाळंतपण, वय अडतीस. शहाजहान तेव्हा निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. तिला तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत, आहूखान्यात तात्पुरतं पुरलं. डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बऱ्हाणपूरचे लोक अजून हळहळतात, की ताजमहाल आमच्या तापीकाठी व्हायचा तो गेला.

मला त्या वर्षातली दुसरी गोष्ट सोडत नाही. 1630 चा पाऊस गेला होता. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडे दुष्काळ. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्या हिवाळ्यात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेतली ओस गावं आणि रस्त्याकडेला पडलेली प्रेतं याबद्दल त्याने जे लिहिलंय ते एका बैठकीत वाचवत नाही. बादशहाच्या दरबारी इतिहासातही त्याची नोंद आहे. बऱ्हाणपुरात अन्नछत्रं उघडली, दर सोमवारी पाच हजार रुपये असे वीस आठवडे वाटले. हाच तो दुष्काळ. याच दुष्काळात तिकडे देहूला तुकोबांची पहिली बायको रखुमाबाई आणि मुलगा गेला, सावकारी बुडाली, आणि वाण्याच्या घरातला एक माणूस भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसला. आपण शाळेत मुमताजचं मरण एका पुस्तकात वाचतो आणि रखुमाबाईचं दुसऱ्या. दोघींच्या मरणात फार अंतर नव्हतं, आणि आभाळ एकच होतं, न पडलेलं.

शहरात शिजलेलं अन्न वाटलं जात होतं तेव्हा खेड्यात काय झालं असेल? गावातली माणसं शहराच्या वाटेला लागली असतील, या तापीच्या खोऱ्यातून, बहुधा आज आमची बस जाते त्याच अंगाने. काही पोचली असतील. त्यांची कबर नाही, चिरा नाही, शिलालेख नाही. आहूखान्याच्या पडक्या भिंतींपाशी उभी राहिले की मला राणीबद्दल वाईट वाटतंच. तिने एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा बाळंतपणं सोसली होती. पण तिथून मागे वळून शेतांकडे पाहिलं की ती बाकीची माणसं दिसायला लागतात. सिएनातही 1348 च्या प्लेगने माणसांची अशीच दाणादाण उडाली आणि कॅथेड्रल वाढवायचं काम अर्ध्यावर थांबलं. त्या वाढीव भागाची उघडी भिंत त्यांनी पाडली नाही. ती आजही कॅथेड्रलशेजारी उभी आहे, आणि लोक तिच्यावर चढून शहर पाहतात. आपत्तीची खूण एवढी उघड्यावर ठेवणारं शहर मला आवडलं. बऱ्हाणपुरात 1630-31 ची अशी खूण कुठे नाही. आहूखान्यात एक साधा दगड लावून त्यावर दुष्काळाचं वर्ष लिहावं, एवढी माझी मागणी आहे.

यावेळी रात्री ओसरीवर मी मामांना शिलालेखाचं सांगितलं. त्यांनी आयुष्यभर बऱ्हाणपुरात कापूस विकला, गांधी चौकातून हजारदा गेले, पण मशिदीत कधी शिरले नव्हते. तिथी कोणती म्हणालीस, असं त्यांनी दोनदा विचारलं. दशमी संपून एकादशी लागते आणि पुढे रोहिणी येते म्हटल्यावर ते उठले, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं आणि चष्म्याखालून यंदाचा पौष पाहू लागले.

“रोहिणी पाहूनच काम धरलं म्हन्जे. जाणकार मानूस होता,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “आपल्याला जाऊ देतात का आत?”

“देतात मामा. नमाजाची वेळ सोडून कधीही.”

“मग पौषातच जाऊ. कापूस न्यायचाच असते तवा.”

मामी आतून भांडी आवरत ऐकत होती. ती दारात येऊन उभी राहिली. “मशीद तुम्ही दोघं पाहा,” ती म्हणाली, “मले ते भुयारातलं पानी दाखव. जन्मभर विहिरीतून पानी ओढलं. न ओढता येनारं पानी कसं अस्ते ते पाहू दे एकदा.”